सायटेशनचा आकडा एकटा पाठवू नका

कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल भरायची वेळ आली, सहयोगी प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली किंवा पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपचा अर्ज समोर आला, की पुण्यातल्या प्राध्यापकांचे आणि संशोधकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘गूगल स्कॉलर माझा एच-इंडेक्स ११ दाखवतं आणि स्कोपस ६; अर्जात कोणता लिहू?’ ‘पेपरवर सात नावं आहेत, माझं चौथं. मला गुण किती?’ ‘यूजीसी-केअर यादी बंद झाली, आता जर्नल चांगलं कशावरून ओळखायचं?’ ‘मी मराठीत लिहितो, माझं सायटेशन कुठेच दिसत नाही. म्हणजे माझ्या कामाचा कुणाला उपयोगच झाला नाही का?’

या सगळ्या प्रश्नांमागची अडचण एकच आहे. आपण आकडा एकटा पाठवतो आणि समितीने त्यातून आपलं काम ओळखावं अशी अपेक्षा धरतो. आकड्यातून काम आपोआप कळत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत चार गोष्टी लिहायची सवय लावून घ्या: तो कुठून घेतला, कोणत्या तारखेला पाहिला, तुमच्या विषयात तेवढा आकडा कसा समजला जातो आणि त्या कामात तुमचा स्वतःचा वाटा काय. पुढचा सगळा लेख या चार गोष्टी कशा जमवायच्या याबद्दल आहे.

आधी आकडे नीट ओळखा

अर्जांमध्ये चार आकडे पुन्हा पुन्हा मागितले जातात. त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

- एकूण सायटेशन: तुमच्या निबंधांचा इतरांनी आपल्या निबंधांच्या संदर्भसूचीत किती वेळा उल्लेख केला, त्याची बेरीज. एकाच गाजलेल्या निबंधाने ही बेरीज फुगू शकते.
- एच-इंडेक्स: हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेला निर्देशांक. एच-इंडेक्स ५ म्हणजे तुमच्या किमान पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन आहेत.
- आय-१० इंडेक्स: दहा किंवा अधिक सायटेशन असलेल्या निबंधांची संख्या. हा फक्त गूगल स्कॉलर देतं.
- इम्पॅक्ट फॅक्टर: हा जर्नलचा आकडा आहे, तुमचा नव्हे. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, ते तो सांगतो.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहा, म्हणजे तो कायमचा लक्षात राहील. समजा तुमच्या सात निबंधांची सायटेशन उतरत्या क्रमाने २५, १४, ९, ६, ५, ३ आणि १ अशी आहेत. पाचव्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र तीनच. म्हणजे एच-इंडेक्स ५, आय-१० इंडेक्स २ आणि एकूण सायटेशन ६३. आता यातून तुम्ही स्वतःच स्वतःच्या निबंधांचे दिलेले संदर्भ काढून टाका. समजा उरले २२, १०, ७, ४, ३, २ आणि ०. एच-इंडेक्स ४ वर आला, एकूण सायटेशन ४८ वर. स्वतःचा आधीचा निबंध उद्धृत करण्यात गैर काही नाही. एका कामातून दुसरं काम निघतं तेव्हा ते करावंच लागतं. पण दोन्ही आकडे तुम्हाला माहीत हवेत, कारण मुलाखतीत ‘सेल्फ-सायटेशन वगळून किती?’ हा प्रश्न हमखास येतो.

गूगल स्कॉलर, स्कोपस की वेब ऑफ सायन्स?

तिन्ही ठिकाणी आकडा वेगळा येतो, कारण तिघांची मोजण्याची कक्षा वेगळी आहे.

1. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांचे लेख, छापण्याआधीचे मसुदे असं सगळं धरतं. आकडा सगळ्यांत मोठा येतो आणि त्यात चुकाही जास्त असतात. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि भारतीय भाषांमध्ये लिहिणाऱ्यांना मात्र त्याचाच आधार असतो.
2. स्कोपस निवडक जर्नलं, परिषदा आणि काही पुस्तकं मोजतं. संस्थेची वर्गणी नसली तरी लेखकाचं मूळ पान मोफत पाहता येतं.
3. वेब ऑफ सायन्सची निवड आणखी काटेकोर आहे. अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर याच घराण्यातल्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये मिळतो. यूजीसीच्या नियमावलीत ‘थॉमसन रॉयटर्सची यादी’ असा उल्लेख आहे, ती हीच. २०१६ पासून ती क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे.

जाहिरातीत किंवा अर्जात स्रोताचं नाव दिलं असेल, तर तोच आकडा लिहा. दिलं नसेल, तर विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांनी स्कोपसचा आकडा आधी आणि गूगल स्कॉलरचा शेजारी लिहावा. मानव्यविद्येत उलट करावं. दोन स्रोतांतले सोयीचे आकडे उचलून एकत्र करू नका. एकूण सायटेशन गूगल स्कॉलरचं आणि निबंधसंख्या स्कोपसची, असा अर्ज छाननीत लगेच पकडला जातो.

विषयाची तुलना करताना जपून राहा. गणितात निबंधाला सायटेशन मिळायला वर्षं लागतात, जैववैद्यकात महिने पुरतात. त्यामुळे आयसरमधल्या गणितज्ञाचा एच-इंडेक्स राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या जीवशास्त्रज्ञाच्या निम्मा असला, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. संस्थेकडे स्कोपसची वर्गणी असेल, तर निबंधाच्या पानावर विषयानुसार समायोजित केलेला आकडा मिळतो. तिथे १ म्हणजे त्या विषयाची, त्या वर्षाची जागतिक सरासरी, १.५ म्हणजे सरासरीपेक्षा दीडपट. तुमच्या मुख्य तीन-चार निबंधांसाठी तो टिपून ठेवा.

नाव एक करा, मगच मोजा

पुण्यातल्या संशोधकांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. ‘एस. पाटील’, ‘ए. कुलकर्णी’, ‘पी. जोशी’ या नावांनी लिहिणारे शेकड्यांनी आहेत. त्यातून कुणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, कुणी घालत नाही. कुणाचं आडनाव लग्नानंतर बदलतं. संगणकाला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात.

ही अडचण जुनी आहे. केंब्रिजमधून १९३९ साली पीएच.डी. मिळवणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे त्या काळातले निबंध ‘भागवत’ या माहेरच्या आडनावाने आहेत आणि १९४७ सालच्या लग्नानंतरचे ‘सोहोनी’ या नावाने. दोन्ही नावं ठाऊक असलेल्यालाच त्यांचं सगळं काम एका ठिकाणी दिसतं. तुमच्या बाबतीत हे टाळणं आज सहज शक्य आहे.

- ऑर्किड क्रमांक काढा. सोळा अंकी, मोफत आणि आयुष्यभर टिकणारा. नाव, संस्था, देश काहीही बदललं तरी क्रमांक तोच राहतो. जुनी नावं ‘इतर नावं’ या रकान्यात भरा.
- लेखनासाठी एकच नाव ठरवा आणि पहिल्या निबंधापासून तेच, त्याच स्पेलिंगने वापरा. लग्नानंतरही लेखनासाठी जुनं नाव चालू ठेवायला कसलीच आडकाठी नाही.
- गूगल स्कॉलरवर आपोआप भर घालणारी सोय बंद करा. ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडा. नाहीतर दुसऱ्या कुणा कुलकर्णींचे निबंध तुमच्या खात्यात जमा होतात आणि आरोप तुमच्यावर येतो.
- स्कोपसवर तुमची दोन-तीन पानं तयार झाली असतील, तर ती एकत्र करून घ्या. लेखकाच्या पानावरच दुरुस्तीचा अर्ज असतो. पैसे लागत नाहीत.
- ‘विद्वान’ या इन्फ्लिबनेटच्या संकेतस्थळावरची माहिती अद्ययावत ठेवा. अनेक संस्था शिक्षकांची माहिती तिथूनच घेतात.
- संस्थेचं नाव एकसारखं लिहा. १९४९ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ आधी ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’, मग ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. संलग्न महाविद्यालयात असाल, तर आधी महाविद्यालयाचं पूर्ण नाव आणि मग विद्यापीठाचं, हा क्रम कायम ठेवा.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. ते झाल्याशिवाय काढलेला कोणताही आकडा अर्जात लिहू नका.

सात नावांत तुमचा वाटा किती?

सहलेखनाची नियमांतली गणितं आधी पाहू. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार शिक्षकांचे संशोधन-गुण असे वाटले जातात:

- लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला निबंधाच्या एकूण गुणांच्या ७० टक्के.
- दोनपेक्षा जास्त असतील, तर प्रथम, मुख्य किंवा कॉरस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के.

म्हणजे एखाद्या निबंधाला २० गुण ठरले, तर दोघांच्या निबंधात दोघांनाही १४ मिळतात. सातजणांच्या निबंधात तुमचं नाव चौथं असेल आणि कॉरस्पाँडिंग लेखक दुसरं कुणी असेल, तर तुम्हाला ६. तुम्ही कॉरस्पाँडिंग लेखक असाल, तर चौथ्या स्थानावर असूनही १४. म्हणून निबंधाच्या पहिल्या पानावर तुमच्या नावापुढे ती खूण छापली आहे ना, हे प्रूफ तपासतानाच बघा. नंतर दुरुस्ती करून घेणं अवघड जातं. शिक्षक नेमणुकीच्या नव्या नियमावलीचा मसुदा यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यामुळे तुमच्या अर्जाच्या तारखेला कोणता नियम लागू आहे, ते आस्थापना विभागाकडून लेखी विचारून घ्या.

नियमाचे गुण सांगून झाले तरी खरा वाटा सांगायचा राहतोच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचा निबंध आला. त्यावर हजाराहून अधिक लेखकांची नावं आहेत आणि त्यांत आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संशोधकही आहेत. आजवर त्याची हजारो सायटेशन झाली. अशा निबंधावर नाव असणं ही मोठी गोष्ट आहे, पण हजार नावांपैकी तुमचं काम कोणतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय दुर्बिणीवर किंवा आंतरराष्ट्रीय औषध-चाचण्यांत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक यादी आहे, ‘क्रेडिट’ नावाची. तिच्यात सहभागाचे चौदा प्रकार दिले आहेत: कल्पना मांडणं, पद्धत बांधणं, माहिती गोळा करणं, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. बरीच जर्नलं निबंधाच्या शेवटी हे छापतात. जर्नल छापत नसेल, तरी तुम्ही अर्जात लिहा.

सहलेखनाचा तक्ता करताना प्रत्येक निबंधापुढे एवढं भरा:

1. एकूण लेखक किती, तुमचं स्थान कोणतं, कॉरस्पाँडिंग लेखक कोण.
2. तुम्ही नेमकं काय केलं, एका ओळीत, क्रियापदासह. ‘सहभाग होता’ असं लिहू नका. ‘भोर तालुक्यातले मातीचे नमुने गोळा करून त्यांचं विश्लेषण केलं’ असं लिहा.
3. दुसऱ्या संस्थेशी किंवा देशाशी सहकार्य होतं का, आणि त्यातून पुढे काय निघालं: दुसरा निबंध, प्रकल्प, विद्यार्थ्याला मिळालेली संधी.
4. नावं वर्णानुक्रमाने असतील, तर तसं नोंदवा. गणितात ही सर्रास पद्धत आहे, आणि दुसऱ्या विषयातल्या परीक्षकाला तो क्रम कामाच्या वाट्याचा वाटतो.

आकड्यांत न दिसणारं काम दाखवा

काही कामं इतकी मुरतात की त्यांचं सायटेशनच होत नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’च्या १९४३ सालच्या खंडात चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, याचं सूत्र त्यात होतं. पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही ‘कोसंबी’ हा पर्याय निवडता येतो. तो निवडणारे अनेक जण मूळ निबंध संदर्भसूचीत देतही नाहीत; नाव राहतं, सायटेशन जातं. त्याच वर्षी त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त छापलेला संख्याशास्त्रातला निष्कर्ष पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडला. तो बराच काळ फक्त त्या दोघांच्या नावाने ओळखला गेला. आता अनेक ठिकाणी कोसंबींचं नाव आधी लावलं जातं.

दुसरं उदाहरण आयुकाचंच. जोडताऱ्यांच्या टकरीतून येणारी गुरुत्वीय लहर गोंगाटातून कशी वेगळी काढायची, यावर बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये १९९१ साली आला. लहर प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी, चोवीस वर्षांनी. ‘गेल्या पाच वर्षांतलं सायटेशन’ एवढंच विचारणाऱ्या समितीला अशा कामाचं मोल १९९६ साली कळणं कठीणच होतं.

मानव्यविद्येत तर हे रोजचं आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक तयार होत होती. जगात कुठेही महाभारतावर लिहिणाऱ्याला ती हाताशी ठेवावी लागते. इरावती कर्वे यांचं १९५३ सालचं भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचं पुस्तकही तसंच. पण निवडक जर्नलं मोजणाऱ्या कोशांत अशा ग्रंथांचा हिशेब अपुराच राहतो. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘परामर्श’ यांत लिहिणाऱ्यांनी म्हणून स्वतःची नोंदवही ठेवायलाच हवी. तिच्यात काय जमवाल?

- शोधगंगेवरचे प्रबंध: तुमचं नाव आणि लेखाचं शीर्षक, दोन्ही देवनागरी आणि रोमन लिपीत शोधा. संदर्भसूचीच्या त्या पानाची प्रत ठेवा.
- पुस्तकांतले उल्लेख: मुखपृष्ठ, मुद्रणपृष्ठ आणि उल्लेखाचं पान, अशा तीन प्रती.
- अभ्यासक्रमातला समावेश: अभ्यास मंडळाने लावलेली संदर्भग्रंथांची यादी, वर्षासह.
- शासकीय अहवाल, न्यायालयाचे निकाल, गॅझेटियर, पेटंट यांत तुमच्या कामाचा आधार घेतला असेल, तर त्याचा क्रमांक आणि तारीख.
- प्रत्यक्ष वापर: तुमचं वाण शेतकऱ्यांनी लावलं, तुमची चाचणी रुग्णालयाने स्वीकारली, तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रयोगशाळेत चालतं, तर त्यांचं पत्र.
- नावाने होणारा उल्लेख: तुमच्या पद्धतीला किंवा सूत्राला नाव पडलं असेल, तर त्या नावानेही शोधा. कोसंबींच्या उदाहरणातून घ्यायचा धडा हाच.

मराठीतल्या लेखाला इंग्रजी शीर्षक आणि आठ-दहा ओळींचा इंग्रजी सारांश जोडला, तर परदेशातल्या अभ्यासकालाही तो सापडतो. लेख मराठीतच राहतो, वाट मात्र मोकळी होते.

केअर यादी गेली, जर्नल कसं निवडाल?

हा प्रश्न पुण्याच्या अंगणातला आहे. यूजीसीच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठात केली आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आत आलेल्या आणि कोणत्याही मोठ्या कोशात नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असं त्यात निघालं. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. त्यानंतर आलेल्या केअर यादीचं कामही आपल्याच विद्यापीठातल्या प्रकाशन-नीतिमत्ता केंद्रातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर आली. निबंध पाठवण्याआधी हे तपासा:

1. आयएसएसएन क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकून जर्नलचं नाव आणि प्रकाशक जुळतात का ते पाहा.
2. जर्नल स्कोपसमध्ये असल्याचा दावा असेल, तर स्कोपसच्या स्वतःच्या सूचीत पाहा आणि कोणत्या वर्षापर्यंत समावेश आहे ते वाचा. काढून टाकलेली जर्नलंही जुना शिक्का मिरवत राहतात.
3. इम्पॅक्ट फॅक्टर कुणी दिला, ते विचारा. ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ सोडून इतर कुणाचा असेल, तर छाननीत तो धरला जाईल यावर विसंबू नका.
4. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर विचारा. काहींना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसतं.
5. मागचे तीन अंक उघडून वाचा. एकाच अंकात शेती, व्यवस्थापन, संस्कृत आणि नर्सिंग असेल, तर दूर राहा.
6. ‘सात दिवसांत स्वीकृती’ किंवा व्हॉट्सॲपवरून पैसे मागणारा निरोप आला, की पुढे जाऊ नका.
7. नामांकित मराठी-इंग्रजी जर्नलांची हुबेहूब बनावट संकेतस्थळं निघतात. छापील अंकावर दिलेल्या पत्त्यावरच निबंध पाठवा.

तुम्ही काय तपासलं, त्याची तारखेसह नोंद आणि पानाचं छायाचित्र जपून ठेवा. जर्नल उद्या घसरलं, तरी तुम्ही पाठवलं त्या दिवशी ते योग्य होतं, हे दाखवता येईल.

इथे पाय घसरतो

- विकतचं सहलेखकपद. ‘चौथं नाव इतक्या हजारांत’ असे निरोप येतात. नाव छापून आलं, तरी निबंध मागे घेतला गेला की तुमचं नाव मागे घेतलेल्या निबंधांच्या खुल्या नोंदीत कायमचं राहतं.
- आपसातलं सायटेशन. ‘तू माझं दे, मी तुझं देतो’ हा व्यवहार आलेखात चटकन दिसतो. त्यासाठी जर्नलांनाही शिक्षा झाल्या आहेत. परीक्षकाने विनाकारण स्वतःचे पाच निबंध उद्धृत करायला सांगितले, तर संपादकाला नम्रपणे कारण विचारा.
- एका कामाचे तुकडे. एका प्रयोगाचे चार निबंध केल्याने संख्या वाढते, पण प्रत्येकाचं वजन घटतं.
- तोच निबंध दोन भाषांत. भाषांतर छापायला हरकत नाही. पण दोन्हीकडे तसं स्पष्ट लिहा आणि गुण एकदाच मागा.
- ‘जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ची बातमी. जॉन आयोअनिडिस आणि सहकाऱ्यांची ही यादी स्कोपसच्या माहितीवरून बनते. हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिच्यात दोन वेगळ्या याद्या असतात, संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. तुमचं नाव असेल, तर कोणत्या यादीत आणि कोणत्या वर्षीच्या, ते लिहा.

तुमचे हक्क

तरुण संशोधकांना, विशेषतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. गाईडचा आदर आणि स्वतःच्या कामावरचा हक्क या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

- लेखक कोण, हे निकषांवर ठरतं, पदावर नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष जगभर मानले जातात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करणाऱ्याचं नाव गाळता येत नाही. निव्वळ विभागप्रमुख आहेत म्हणून कुणाचं नाव घालणंही बसत नाही. त्यांचे आभार मानावेत.
- नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवा आणि ईमेलवर लिहून ठेवा. काम वाढलं-घटलं की पुन्हा बोला.
- तुमच्या संमतीशिवाय तुमचं नाव छापलं, तर ते काढून टाकायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. संपादकाला लेखी कळवा.
- तुमचं लिखाण दुसऱ्याने आपल्या नावावर छापलं, तर यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार विभागाच्या आणि मग संस्थेच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे तक्रार करता येते. मसुदे, ईमेल आणि फाईलच्या तारखा हा तुमचा पुरावा.
- छाननीत गुण कमी झाले, तर स्वतःच्या गुणांचा तक्ता माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नंतर पहिलं अपील.
- फक्त जर्नलच्या आकड्यावरून तुमची पारख होत असेल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा आधार घ्या. जर्नलचा आकडा व्यक्तीच्या कामाचं माप म्हणून वापरू नये, असं तो सांगतो. तुमच्या संस्थेने त्यावर सही केली आहे का, तेही पाहा.

अर्जात नेमकं काय लिहाल?

खालचा मजकूर नमुना म्हणून वापरा आणि आकडे तुमचे भरा.

‘स्कोपसनुसार, १५ जून रोजी पाहिल्याप्रमाणे: १४ निबंध, ११८ सायटेशन, स्वतःची वगळून ९६, एच-इंडेक्स ६. त्याच दिवशी गूगल स्कॉलरवर २१० सायटेशन, एच-इंडेक्स ८. त्यात प्रबंधांतले आणि मराठी पुस्तकांतले उल्लेख आहेत. सर्वाधिक उद्धृत निबंधाचे पाच लेखक असून मी कॉरस्पाँडिंग लेखक आहे. नमुने गोळा करणं, विश्लेषण आणि पहिला मसुदा माझा. विषयाच्या जागतिक सरासरीच्या तुलनेत या निबंधाचं सायटेशन १.४ पट आहे. या निबंधातली पद्धत दोन अन्य प्रयोगशाळा वापरतात. त्यांची पत्रं जोडली आहेत.’

पाच-सहा ओळी आहेत, पण परीक्षकाला लागणारं सगळं त्यांत आलं. तो आकडा पडताळून पाहू शकतो, तुमचा वाटा त्याला कळतो आणि मुलाखतीत तो तुमच्या कामाबद्दल विचारू लागतो. मुलाखत कामावर आली, की खरं काम केलेल्या माणसाला कुणाची भीती नसते.

अर्जाची मुदत जवळ येण्याची वाट पाहू नका. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, नोंदवही अद्ययावत करा. कुठे अडलंच, तर महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे किंवा विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात जा. आकडे कुठून काढायचे आणि कसे तपासायचे, हे ग्रंथपालांना उत्तम ठाऊक असतं, आणि संशोधकांनी येऊन विचारावं असं त्यांना मनापासून वाटतं. सोबत तुमचा ऑर्किड क्रमांक आणि निबंधांची यादी न्या.